‘पोराला सुई न्हाई’ म्हणणाऱ्या घरात कसं जायचं

“सिस्टर, च्या घ्या, बसा निवांत. पर पोराला सुई न्हाई.”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या उपकेंद्रांत आरोग्य सेविका म्हणून माझी पंचवीस वर्षं गेली. हे वाक्य मी किती दारांत ऐकलं याची गणती नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला कुणी हाकलत नाही. चहा मिळतो, बसायला खुर्ची मिळते आणि त्याबरोबर नकारही मिळतो. असा नकार ऐकून परत फिरणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिलंय. त्यात आशाताई आल्या, अंगणवाडी सेविका आल्या, तालीम मंडळातली पोरं आली, शाळेतले गुरुजी आले. आणि ज्याच्या सख्ख्या भावाच्या घरात बाळाचं लसीकरण थांबलंय, असा काकाही आला.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. लसीची सक्ती तुम्ही करू शकत नाही आणि करूही नका. कोविडच्या लसीबद्दलच्या खटल्यात २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. “रेशन बंद करीन”, “शाळेत घेणार नाही” असल्या धमक्या काहीजण देतात. त्या खोट्या तर असतातच, शिवाय त्या घराचं दार पुढची दहा वर्षं बंद होतं. आपल्या हातात फक्त बोलणं आहे. म्हणून ते नीट शिकून घ्यायचं.

पायरी १ : नकाराच्या मागे काय आहे ते आधी लिहून काढा

नकार देणारं घर म्हणजे अडाणी घर, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये इंजिनिअर बापाने इंटरनेटवर वाचून लस नाकारलेली मी पाहिलीय, आणि धनगरवाड्यावरची बाई डोंगर उतरून वेळेत डोस घेऊन गेलेलीही पाहिलीय.

माझ्या वहीत घराच्या नावापुढे मी कारण लिहायची, तेही त्यांच्याच शब्दांत. “गेल्या वेळी ताप आला.” “सासू नको म्हणते.” “मोबाईलवर आलंय.” “नवरा परगावी आहे, आल्यावर विचारते.” “कामावरनं सुट्टी नाही.” वर्षभराची वही वाचली की कळायचं, लसच नको असं ठामपणे म्हणणारी घरं मोजकी असतात. बहुतेक घरं घाबरलेली, अडलेली किंवा कुणाच्या तरी परवानगीची वाट पाहणारी. तिघांचं औषध वेगळं. सुट्टी मिळत नाही म्हणून अडलेल्या बाईला गोवर किती वाईट हे सांगून काय उपयोग? तिला लसीकरणाच्या सत्राची वेळ सांगा, बाळाला घेऊन जायला सोबत द्या.

दुसरी नोंद करायची ती घरात शब्द कुणाचा चालतो याची. आपण बाळाच्या आईशी अर्धा तास बोलतो, ती मान डोलावते आणि सत्राच्या दिवशी येत नाही. कारण निर्णय तिचा नसतोच. तो सासूचा असतो, कधी मोठ्या दिराचा, कधी पुण्यात कामाला असलेल्या नवऱ्याचा. नवरा परगावी असेल तर तिथेच बसून फोन लावायला सांगा आणि स्पीकरवर टाका. माझ्या अनुभवात अशा पाच मिनिटांच्या फोनने महिनाभराचं काम होतं.

ऊसतोड मजुरांची मुलं या वहीत कधीच येत नाहीत, म्हणून त्यांचं वेगळं सांगते. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात, शिवाराकडेला कोप्या पडतात आणि चार-पाच महिन्यांनी उठतात. त्यांचं कार्ड गावाकडं, नाव गावच्या यादीत, आणि बाळ आपल्या उसाच्या फडात. हे लोक नकार देत नाहीत, त्यांना कुणी विचारायलाच जात नाही. मुकादमाला भेटा, पाच वर्षांखालची मुलं मोजा आणि आशाताईंना किंवा सिस्टरना कळवा. कोप्यांवर संध्याकाळी जायचं, दिवसा तिथे मोठं माणूस सापडत नाही. वीटभट्ट्यांचंही तेच.

पायरी २ : आपल्या गल्लीचा हिशेब मांडा

“जिल्ह्यात एवढं लसीकरण झालंय, आमच्या एकट्याने काय फरक पडतो?” हा प्रश्न सुशिक्षित घरात हमखास येतो. जिल्ह्याची टक्केवारी इथे कामाची नाही. रोग गल्लीत येतो, म्हणून हिशेबही गल्लीचाच मांडायचा.

गोवर हा माणसाला होणाऱ्या सगळ्यात जास्त पसरणाऱ्या रोगांपैकी एक. कुणालाच संरक्षण नसेल तर एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देतो. पुरळ उठायच्या ४ दिवस आधीपासून तो पसरायला लागतो, म्हणजे घरच्यांना साधी सर्दी वाटत असते तेव्हाच. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो. म्हणून तो रोखायचा तर १०० पैकी ९५ जणांच्या अंगात प्रतिकारशक्ती लागते.

आता कागद-पेन घ्या. समजा तुमच्या वाडीत पाच वर्षांखालची ६० मुलं आहेत. ९५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातली जास्तीत जास्त ३ मुलं असुरक्षित असली तरी चालतं. ५ बाळं अजून ९ महिन्यांचीच झालेली नाहीत, त्यांना गोवर-रुबेलाचा डोस मिळालेलाच नाही. आईकडून आलेलं संरक्षण काही महिन्यांतच ओसरतं. ६ घरांनी नकार दिला. उरली ४९ मुलं. त्यांनी ९ महिन्यांचा एकच डोस घेतला असेल तर साधारण १०० पैकी ८५ मुलांना संरक्षण मिळतं, म्हणजे ४९ मधली ७ तरीही उघडी. दोन्ही डोस घेतले असतील तर हे प्रमाण सुमारे ९७ वर जातं आणि उघडी राहतात एक-दोनच.

बेरीज करा. एका डोसवर थांबलेल्या वाडीत १८ मुलं उघडी, दोन डोसांच्या वाडीत १२ ते १३. परवानगी होती फक्त ३ ची. हा हिशेब ढोबळ आहे, पण सहा घरांच्या नकारात काय दडलंय ते यातून दिसतं. त्या ५ तान्ह्या बाळांनी तर काहीच ठरवलेलं नाही. त्यांच्यासाठी बाकीच्यांचं लसीकरण हीच भिंत, आणि त्या भिंतीतली एकेक वीट शेजारचं घर काढून घेतंय. मी हा हिशेब तालमीच्या कट्ट्यावर खडूने मांडलाय. घरांची नावं मात्र कधी लिहायची नाहीत. आकडा सगळ्यांचा असतो, बोट एकाकडे गेलं की भांडण लागतं.

धनुर्वाताचा हिशेब वेगळा, तोही समजून घ्या. तो माणसाकडून माणसाला होत नाही. त्याचे जिवाणू मातीत आणि शेणात असतात, आणि आपलं निम्मं आयुष्य त्यातच जातं. अख्ख्या गावाने लस घेतली तरी न घेतलेल्या मुलाला कोयता किंवा खिळा लागला की त्याचं रक्षण करणारं कुणी नाही. “बाकीच्यांनी घेतलंय ना, मग आमचं भागलं” असं म्हणणाऱ्या माणसाला मी एवढंच सांगते आणि थांबते.

पायरी ३ : दारात बोलायचं कसं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी मी काय चुकले ते सांगते, त्यातूनच बाकीचं शिकले.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका तरुण आईने विचारलं, “ताई, याला काही त्रास तर होणार नाही ना?” सत्राला गर्दी होती. मी म्हणाले, “काही होत नाही गं.” त्या रात्री बाळाला ताप भरला, मांडी लाल झाली, घरातले रात्रभर जागे राहिले. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. त्यात धोक्याचं काहीच नव्हतं, लसीनंतर तो येऊ शकतो. पण मी “काही होत नाही” म्हटलं होतं, आणि त्या घराच्या लेखी मी खोटारडी ठरले. त्या बाळाचा पुढचा डोस चुकला, जावेच्या बाळाचाही चुकला, आणि त्या आळीत “सुईने पोर फणफणलं” ही गोष्ट कितीतरी महिने फिरत राहिली. तो नकार माझ्या एका शब्दाने तयार केला होता.

तेव्हापासून मी त्रास आधी सांगते, फायदा नंतर. “आज रात्री ताप येईल, उद्यापर्यंत राहील. मांडीला सूज येईल, बाळ किरकिर करेल. हे औषध देते, वजनाप्रमाणे एवढंच पाजायचं. परवापर्यंत ताप उतरला नाही तर मला फोन कर.” हे ऐकून कुणी उठून गेलेलं मला आठवत नाही. उलट रात्री ताप आला की घरात म्हणतात, “सिस्टर बोलल्या तसंच झालं.” त्या एका वाक्यावर पुढचे सगळे डोस होतात.

दुसरं, आधी विचारा आणि मग गप्प बसा. “का नको?” असं विचारलं की माणूस वकील होतो. “नेमकी कशाची काळजी वाटते?” असं विचारा. उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका. पहिलं उत्तर बहुधा खरं नसतं, खरं उत्तर चहा संपता संपता येतं.

एका आजींचं सांगते. नातू दीड महिन्याचा, सून तयार, आजी ठाम. “आमच्या येळंला कुठं व्हत्या असल्या सुया? आमी जगलोच की.” मी वाद घातला नाही. आजी भाकरी थापत होत्या, हात वर गेला तसा दंडावरचा पदर सरला. तिथे रुपयाएवढा खड्डा पडलेला जुना व्रण.

“आजी, ही खूण कसली हो?”

“ती व्हय? देवी काढल्याली. देवी काढणारा गावात आला की आमी पोरं उसात लपायचो. आईनं झिंज्या धरून आणलं हुतं बाहीर.” आजी हसल्या. मग जरा वेळ तव्याकडं बघत राहिल्या. “माझ्या धाकल्या भावाची ऱ्हायली. त्याला आल्या देवी.”

पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. सून चुलीपाशी उभी होती, तिने तो दंड रोज पाहिला होता आणि त्याची गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होती. थोड्या वेळाने मी एवढंच म्हणाले, “आजी, सुनेच्या दंडावर असली खूण नाही बघा. तिच्या वेळेपर्यंत देवी गेल्याच होत्या.” भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं आणि ती लस द्यायची गरजच उरली नाही. सुनेच्या दंडावर खूण होती ती बीसीजीची, क्षयाच्या लसीची.

सत्राला आजी स्वतः आल्या. नातवाचा पाय त्यांनीच धरला.

आजींना मी नवीन काही शिकवलं नाही, त्यांच्याच दंडावर होतं ते. प्रत्येक जुन्या घरात असं काहीतरी सापडतं. पोलिओने पाय गेलेला मामा असतो, घटसर्पाने गेलेली आत्या असते, बाळंतपणानंतर आठवड्यात धनुर्वाताने गेलेलं बाळ असतं. हे रोग आज दिसत नाहीत म्हणून भीती रोगाकडून लसीकडे सरकली आहे. म्हातारी माणसं बोलायला लागली की ती परत जागेवर येते.

आणखी दोन बारीक गोष्टी. चारचौघांत कुणाला खजील करू नका, ज्याने गल्लीसमोर “नको” म्हटलंय तो गल्लीसमोर “हो” म्हणत नाही. आणि एका भेटीत एकच शंका सोडवा. पाच मुद्दे सांगितले तर एकही लक्षात राहत नाही.

पायरी ४ : नेहमीचे प्रश्न आणि खरी उत्तरं

“लसीने मूल मतिमंद होतं, ऑटिझम होतो.” ही गोष्ट कुठून आली ते माहीत असलं की उत्तर देता येतं. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ मासिकात फक्त १२ मुलांवरून एक लेख छापला आणि गोवराच्या लसीवर संशय उभा केला. पुढे त्यातली माहिती खोटी असल्याचं आणि कामात गंभीर गैरप्रकार झाल्याचं उघड झालं. २०१० मध्ये मासिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचा डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. १२ मुलं आणि साडेसहा लाख मुलं, एवढंच शेजारी शेजारी ठेवा.

“यानं पुढं मूल होत नाही.” या भीतीची थट्टा करू नका. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण अजून घराघरांत आहे, सरकारी सुई म्हटलं की ती जागी होते. नायजेरियात २००३ मध्ये याच अफवेवरून कानो राज्यात पोलिओचे डोस थांबवले गेले आणि तिथून पोलिओ पुन्हा कितीतरी देशांत पसरला. आपल्याकडे सोपं उत्तर आहे. पोलिओचे थेंब घेतलेली पिढी आज आई-बाप झालीय, समोर बसलेली सूनच बहुतेक वेळा त्याचा पुरावा असते. मशिदीतले मौलाना, देवळाचे पुजारी, तालमीचे वस्ताद यांच्या तोंडून हे गेलं तर जास्त पोचतं. उत्तर प्रदेशात पोलिओच्या वेळी धर्मगुरू पुढे आले म्हणून बंद दारं उघडली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा.

“एकाच दिवशी एवढ्या सुया?” दीड महिन्याला तीन सुया आणि दोन तोंडी डोस असतात, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. पेंटाव्हॅलंटच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू) या पाचांवर संरक्षण आहे, एरवी त्यासाठीच जास्त वेळा टोचावं लागलं असतं. आणि हे रोग बाळ मोठं होण्याची वाट बघत नाहीत. डांग्या खोकला सगळ्यात जास्त जीव घेतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचा.

“सरकारी लस चालते का? खाजगीत घेऊ का?” खाजगीत घ्या, पण घ्या. बाळांच्या या लसी सरकारी सत्रात फुकट मिळतात आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या पुण्यात बनतात.

“लसीने दगावलेलं ऐकलंय.” इथे खोटं बोलायचा मोह सगळ्यात जास्त होतो. बोलू नका. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया दहा लाखांत एखाद्याला येऊ शकते, म्हणूनच लसीनंतर अर्धा तास बसवतात आणि सिस्टरजवळ त्यावरचं इंजेक्शन असतं. गंभीर घटना घडली की ती चोवीस तासांत कळवायची असते आणि जिल्हा समिती तिची तपासणी करते. विश्वास उडाला की काय होतं त्याचं उदाहरण सामोआ या छोट्या बेटांच्या देशात घडलं. २०१८ मध्ये तिथे परिचारिकांनी लसीची पूड पाण्याऐवजी चुकून दुसऱ्याच औषधात मिसळली आणि दोन बाळं गेली. चूक लसीची नव्हती, पण लसीकरण कित्येक महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, अफवांनी जागा घेतली. २०१९ मध्ये गोवर आला. सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. शेवटी सरकारला दोन दिवस सगळं बंद ठेवून घरोघर लस द्यावी लागली. ज्यांच्या घरी लस राहिलीय त्यांनी दारात लाल कापड बांधायचं होतं.

जपानमध्येही हेच झालं. १९७४-७५ च्या हिवाळ्यात ट्रिपलच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या त्रिगुणी लसीनंतर दोन बाळं दगावल्याची बातमी आली. डांग्या खोकल्याचं लसीकरण ८० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आलं. १९७९ मध्ये १३ हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. नकार आणि त्याचा परिणाम यांत चार वर्षांचं अंतर होतं. म्हणून तर नकार देणाऱ्याला तो परिणाम दिसत नाही.

पायरी ५ : चुकलेले डोस परत रुळावर आणा

पुष्कळ आया नुसत्या लाजेपायी येत नाहीत. “दोन डोस चुकले, आता सिस्टर ओरडतील.” काहींना वाटतं, चुकलं म्हणजे सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल. तसं नसतं. जिथे थांबलंय तिथून पुढे चालू करायचं, दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं. बीसीजी पहिल्या वाढदिवसापर्यंत देतात. पेंटाव्हॅलंट पहिल्या वर्षात सुरू झालं नसेल तर त्यापुढे त्रिगुणी लस देतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देता येते. कार्ड हरवलं असेल तरी या, रजिस्टरमध्ये नोंद असते. आता यू-विन या सरकारच्या ऑनलाइन नोंदणीवर मोबाईल क्रमांकाने नोंद होते, त्यामुळे परगावी गेलेल्या घरालाही तिथल्या केंद्रावर पुढचा डोस मिळतो. टोळीवर जाणाऱ्या आईला हे आवर्जून सांगा.

सर्दी, साधा खोकला, किंचित कणकण, जुलाब, दात येणं, वजन कमी असणं, यातल्या कशासाठीही डोस पुढे ढकलायचा नसतो. अशक्त बाळाला तर आधी द्यायचा. जोराचा ताप असेल, बाळ दवाखान्यात भरती असेल तर बरं झाल्यावर. आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी झाली असेल, झटके आले असतील किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवायचं. अशा बाळाच्या आईला नकार देणारी म्हणू नका. तिच्या बाळाला तर शेजाऱ्यांच्या लसीची सगळ्यात जास्त गरज आहे.

पायरी ६ : सत्राच्या दिवशी आई-बापांना बघू द्या

ज्याला शंका आहे त्याला आत बोलवा, बाटली हातात द्या. दूध संस्थेत काम करणारा एक बाप होता. तो म्हणाला, “उन्हातनं पेटी आणता, लस खराब होत नसेल कशावरनं?” प्रश्न अगदी रास्त. मी त्याला विचारलं, “तुमच्या संस्थेत बल्क कूलर किती अंशावर असतो?” “चार.” “आमची लस दोन ते आठ अंशांत. तुमचं दूध नासलं की वासाने कळतं. लसीला वास नाही, म्हणून हे बघा.” बाटलीवर एक गोल छापलेला असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. गोलाइतका गडद झाला की ती बाटली टाकायची. त्या माणसाने पेटीतल्या चारही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, मग बायकोला हाक मारली. पुढे संस्थेत दूध घालायला येणाऱ्यांना तोच हे सांगत बसायचा.

आई-बापांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. सिरिंज आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी, ती एकदा वापरली की दट्ट्या अडकतो आणि पुन्हा वापरताच येत नाही. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची बाटली कालवल्यापासून चार तासांतच वापरायची, वेळ बाटलीवर लिहिलेली असते. ती विचारली तर कुठलीही चांगली सिस्टर रागावणार नाही.

लस झाल्यावर चार गोष्टी सांगितल्याशिवाय कुणाला उठू देऊ नका. आज कशाची लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा. टोचलेल्या जागी हळद, तेल, लेप काही लावायचं नाही, चोळायचं नाही. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पू होतो आणि व्रण राहतो. तो फोडायचा नाही. गोवर-रुबेलाचा ताप किंवा बारीक पुरळ आठवड्याने, दहा दिवसांनी येऊ शकतो, हे मुद्दाम सांगा, कारण तोवर लस सगळे विसरलेले असतात. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटके, श्वास लागणं, बाळ लोळागोळा पडणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता जवळचा दवाखाना किंवा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायचं.

पायरी ७ : तरीही नकार राहिला तर, आणि गोवर आलाच तर

काही घरं ऐकत नाहीत. वहीत तारीख टाका आणि महिन्याने पुन्हा जा. दुसऱ्या वेळी लसीचा विषय काढायलाच हवा असं नाही. बाळाचं वजन करा, आईची तब्येत विचारा. नाव यादीतून खोडू नका, कारण गोवर आला की ती यादीच पहिल्यांदा लागते. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, तरी २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत आणि भिवंडीत गोवराने मुलं गेलीच. राहून गेलेली मुलं एकाच ठिकाणी साठत जातात आणि रोग तिथेच येतो.

ताप आणि अंगावर पुरळ, सोबत खोकला, नाक गळणं किंवा लाल डोळे असं दिसलं की त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आपल्याकडे अजून “बाई आल्यात” म्हणून कडुलिंबाचा पाला बांधून मूल आठ दिवस घरात ठेवतात. पाला राहू द्या, त्याला विरोध करून दार बंद करून घेऊ नका. पण रक्ताचा नमुना जाऊ द्या, आणि जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस पाजू द्या. डोळे वाचवणारी आणि मृत्यू टाळणारी ती गोष्ट आहे. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला शाळा, अंगणवाडी, जोतिबाची यात्रा, लग्न, कुठेच नेऊ नका. घरात गरोदर बाई असेल तर तिला लांब ठेवा. पुरळ रुबेलाचं निघालं आणि गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला तिला त्याची लागण झाली, तर १०० पैकी ९० पर्यंत वेळा ती गर्भापर्यंत पोचू शकते आणि मूल बहिरं, अंध किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकतं. श्वास जोरात चालला, दूध पिणं थांबलं, जुलाब थांबेनात तर घरी थांबायचं नाही. आणि पुरळ गेलं म्हणजे संपलं असंही नाही. गोवर शरीराची आधीच्या रोगांशी लढायची आठवणच पुसतो, त्यामुळे पुढचे कितीतरी महिने ते मूल न्यूमोनियाला आणि जुलाबांना सोपं सापडतं.

संपर्कात आलेल्या आणि लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत डोस मिळाला तर रोग टळू शकतो. उद्रेक असेल तर ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं आरोग्य खातं ठरवू शकतं. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत, ते दोन नंतर घ्यायचेच.

अशा दिवसांत नकार देणारी घरं आपण होऊन उपकेंद्राच्या दारात येतात. ओशाळलेली असतात, बाळ पदराखाली झाकलेलं असतं, बहुतेक वेळा कुणीतरी पुढे ढकलून पाठवलेलं असतं. त्या वेळी “मी सांगत होते” हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. बसायला जागा द्या, कार्ड मागा, नसेल तर नवीन करा, बाळाचं वजन घ्या आणि त्याच दिवशी जे डोस देता येतात ते द्या.